एका शब्दाची मशागत

कापसावरच्या गुलाबी बोंडअळीची माहिती देणारी एक घडीपत्रिका मध्यंतरी आमच्या वाचनात आली. मूळ मजकूर इंग्रजी असावा आणि कोणीतरी तो घाईने मराठीत आणला असावा. रासायनिक नियंत्रण, जैविक नियंत्रण, यांत्रिक नियंत्रण अशा मथळ्यांच्या रांगेत एक मथळा होता ‘सांस्कृतिक नियंत्रण’. त्याखालचे उपाय मात्र अगदी ओळखीचे होते. कापसाची फरदड घेऊ नये, वेचणी संपताच पऱ्हाट्या काढून रान मोकळे करावे, उन्हाळ्यात खोल नांगरट करावी, पुढच्या वर्षी पीक पालटावे. परभणी जिल्ह्यातल्या मानवत, पाथरी, सेलू भागातल्या कोणत्याही शेतकऱ्याला हे उपाय समजतात. त्यांचा संस्कृतीशी काय संबंध, हे मात्र त्याला समजणार नाही. आणि मथळाच समजला नाही तर खालचा मजकूर कोण वाचतो?

खरे तर त्या पत्रिकेतला सर्वांत महत्त्वाचा भाग तोच होता. ही अळी हंगाम संपल्यावर उरलेल्या बोंडांत आणि सरकीत दडून राहते. फरदड ठेवली की तिला खायला मिळत राहते आणि तिचा जीवनक्रम तुटत नाही. २०१७ साली मराठवाडा-विदर्भात या अळीने कापसाचे काय केले ते वाचकांना आठवत असेल. औषधाच्या फवाऱ्याने जे साधत नाही ते रान वेळेवर मोकळे केल्याने बरेचसे साधते. अशा उपायांना इंग्रजीत ‘कल्चरल कंट्रोल’ म्हणतात. हिंदीतल्या कृषिग्रंथांत ‘कर्षण क्रियाएँ’ किंवा ‘सस्य क्रियाएँ’ असा शब्दप्रयोग आढळतो. मराठीत सरळ ‘मशागतीने नियंत्रण’ म्हणता येते. भाषांतर करणाऱ्याने शब्दकोश उघडला, ‘कल्चर’समोरचा पहिला अर्थ उचलला आणि शेतातली गोष्ट सभागृहात नेऊन ठेवली.

पण सगळा दोष त्या भाषांतरकाराच्या माथी मारणे बरोबर नाही. हा शब्दच असा आहे. परभणीच्या बाजारात एक फेरी मारली तरी तो किती ठिकाणी भेटतो पाहा. कृषी सेवा केंद्रावर शेतकरी ‘सोयाबीनचं कल्चर’ मागतो. दवाखान्यात ‘थुंकी कल्चरला पाठवली’ असे सांगतात. केळीवाला ‘टिश्यू कल्चरची रोपं’ लावतो. सराफाकडे ‘कल्चर मोती’ असतात. शाळेत ‘कल्चरल प्रोग्रॅम’ असतो. आणि ‘त्यांच्या घरात काही कल्चरच नाही’ हे वाक्य तर आपण सर्वांनीच ऐकलेले आहे. शब्द एकच, पण मुलांनी विचारले की या सगळ्यांत समान काय, तर आपल्यापैकी बरेच जण अडखळतील.

समान काय ते शोधायला लॅटिनपर्यंत मागे जावे लागते. ‘कोलेरे’ हे तिथले क्रियापद. त्याचे अर्थ तीन : जमीन कसणे, एखाद्या जागी वस्ती करून राहणे आणि देवाची पूजा करणे. वस्तीच्या अर्थातून ‘कॉलनी’ आला, पूजेच्या अर्थातून ‘कल्ट’ आला आणि कसण्याच्या अर्थातून ‘कल्चर’. रोमन गृहस्थ केटो याने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात शेतीवर पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच ‘आग्री कुल्तुरा’, म्हणजे शेताची मशागत, हे शब्द आहेत. आजचा ‘ॲग्रीकल्चर’ तो हाच.

कसणे, राहणे आणि पूजणे असे तीन अर्थ एका क्रियापदात कसे मावले, असे विद्यार्थ्यांना वाटेल. त्यांना मराठीतल्या ‘वाहणे’ या क्रियापदाची आठवण करून द्यावी. आपण शेत वाहतो. पिकाखालच्या जमिनीला वहिती जमीन म्हणतो. आपण देवाला फूल वाहतो. आणि एखादी जागा वापरत, सांभाळत आलो की तिथे आपली वहिवाट होते. रोमन माणसाला ‘कोलेरे’ जसे वाटत असेल तसेच परभणीच्या माणसाला ‘वाहणे’ वाटते. त्यात काही विचित्र आहे हे त्याच्या ध्यानातही येत नाही. हिंदीत मात्र ही कामे वाटली गेली आहेत. तिथे खेत ‘जोतते हैं’ आणि फूल ‘चढ़ाते हैं’. ‘वाहणे’ आणि ‘कोलेरे’ यांचे मूळ एक नाही, हे इथेच सांगून ठेवतो. पण जे आपल्या हवाली आहे त्याची रोज निगा राखायची, हा भाव दोन्हींत आहे.

जमिनीची निगा मनाला लावण्याचे काम सिसेरो या रोमन वक्त्याने केले. इसवी सनापूर्वी ४५ च्या सुमारास त्याने तत्त्वज्ञानाला मनाची मशागत म्हटले. जमीन कितीही कसदार असली तरी कसल्याशिवाय पिकत नाही, तसेच मनाचे, असा त्याचा दाखला होता. पुढे इंग्रजीतही हाच क्रम दिसतो. शब्द आधी शेतीच्या अर्थाने आला आणि मग हळूहळू मनाकडे, शिक्षणाकडे वळला. १८६९ मध्ये मॅथ्यू आर्नल्डने तो उत्तम विचार आणि उत्तम साहित्य या अर्थाने वापरला. दोनच वर्षांनी, १८७१ मध्ये, एडवर्ड टायलर या मानववंशशास्त्रज्ञाने त्याचा अगदी वेगळा अर्थ केला : समाजाचा घटक म्हणून माणूस जे जे शिकतो, म्हणजे ज्ञान, श्रद्धा, कला, कायदा, रूढी, सवयी, ते सगळे मिळून कल्चर. आर्नल्डच्या अर्थाने काही माणसांकडे कल्चर असते, काहींकडे नसते. टायलरच्या अर्थाने कल्चर नसलेला माणूस या पृथ्वीवर कुठेही सापडणार नाही. ‘त्यांच्या घरात कल्चर नाही’ हे वाक्य पहिल्या अर्थाने टोमणा आहे आणि दुसऱ्या अर्थाने निव्वळ चूक आहे. समाजशास्त्राच्या तासाला या दोन अर्थांची सरमिसळ नेहमी होते, म्हणून थोडे थांबून सांगितले.

आता आपल्याकडे येऊ. ‘संस्कृति’ हा शब्द जुना, अगदी वैदिक वाङ्मयात आढळणारा. पण इंग्रजी ‘कल्चर’साठी तो योजणे ही अलीकडची, गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतली गोष्ट आहे आणि त्यात मराठीचा वाटा आहे. बंगालीत त्या काळी ‘कल्चर’साठी ‘कृष्टि’ असा शब्द चालू होता. ‘कृष्’ म्हणजे नांगरणे, ओढणे. ‘कृषी’ आणि ‘आकर्षण’ हे दोन्ही त्याच धातूचे. म्हणजे लॅटिनमधली नांगरट बंगालीत जशीच्या तशी उतरवलेली होती. रवींद्रनाथ ठाकुरांना हा शब्द मुळीच आवडत नसे. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी यांनी नोंदवून ठेवले आहे की १९२२ मध्ये पॅरिसला असताना एका मराठी मित्राच्या तोंडून त्यांनी ‘संस्कृति’ हा शब्द या अर्थाने ऐकला. परत आल्यावर त्यांनी तो रवींद्रनाथांच्या कानावर घातला आणि रवींद्रनाथांना तो पसंत पडला. पुढे बंगालीत तोच रूढ झाला. हिंदीतही ‘संस्कृति’ स्थिर झाला आणि ‘सिव्हिलायझेशन’साठी त्याच्या शेजारी ‘सभ्यता’ बसली. दिनकरांचे ‘संस्कृति के चार अध्याय’ १९५६ मध्ये आले तोवर या शब्दाबद्दल कोणाला शंका उरली नव्हती. मराठीत साने गुरुजींचे ‘भारतीय संस्कृती’ त्याआधीच, १९३७ साली, आले होते.

रवींद्रनाथांच्या कानाबद्दल आम्ही काय बोलावे! ‘संस्कृती’ कानाला गोड आहे यात वाद नाही. पण या अदलाबदलीत काहीतरी सुटले असे आम्हाला वाटते. ‘संस्कृती’ सम् आणि कृ यांपासून झाली. चांगले करणे, नीट घडवणे हा तिचा अर्थ. संस्कृत भाषा म्हणजे घडवलेली भाषा. चरकसंहितेत संस्काराचा अर्थ द्रव्यात वेगळे गुण आणणे असा सांगितला आहे. पाण्याने, अग्नीने, घुसळण्याने पदार्थ बदलतो तो संस्कार. कल्पना मोठी सुंदर आहे. मात्र तिच्यात घडवणारा पुढे असतो. शेतात तसे नसते. तिथे रोप आपले आपण वाढते. शेतकरी जमीन तयार करतो, तण काढतो, पाणी देतो आणि वाट पाहतो. ‘कृष्टि’त ही वाट पाहणे होते, ‘संस्कृती’त ते राहिले नाही. शिवाय वेदात ‘कृष्टि’ हा शब्द माणसांसाठी, जनसमूहांसाठी येतो. नांगरणारे ते लोक, असाच त्याचा उगम बहुतेक अभ्यासक मानतात.

मराठवाड्याला या शब्दकथेत आणखी एक पान आहे, आणि ते शाळांतून सहसा सांगितले जात नाही. परभणी हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा जिल्हा. सरकारी भाषा उर्दू. १९१७ मध्ये हैदराबादेत ‘दारुल तर्जुमा’ हे भाषांतरालय सुरू झाले आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. आधुनिक विज्ञान आणि वैद्यक एका भारतीय भाषेतून विद्यापीठाच्या पातळीवर शिकवण्याचा तो फार मोठा प्रयत्न होता. त्याच १९१८ साली निजाम सरकारने परभणीला मुख्य प्रयोगक्षेत्र काढले. आजच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची ती आजी म्हणायला हरकत नाही. (विद्यापीठ १८ मे १९७२ चे, वसंतराव नाईकांचे नाव त्याला २०१३ मध्ये मिळाले.) म्हणजे एकाच वर्षी राजधानीत एका अर्थाच्या ‘कल्चर’ची सोय झाली आणि परभणीच्या काळ्या रानात दुसऱ्या अर्थाच्या.

उर्दूत ‘कल्चर’ला ‘तहज़ीब’ म्हणतात. परभणीतली जुनी माणसे, मग ती कोणत्याही धर्माची असोत, हा शब्द अजून सहज वापरतात. अरबीतल्या याच्या धातूचा मूळ अर्थ पाहिला तर गंमत वाटते : झाडाच्या नको त्या फांद्या छाटून ते नीटनेटके करणे. म्हणजे इथेही बागाईतच! दुसरा शब्द ‘सक़ाफ़त’, तो भाला सरळ करण्यावरून आला. तिसरा ‘तमद्दुन’, तो ‘मदीना’ म्हणजे शहर यावरून. छाटणारा माळी, भाला सरळ करणारा कारागीर आणि शहरात राहणारा नागरिक असे तिघे मिळून जे सांगतात ते लॅटिनने एकट्या शेतकऱ्याकडून सांगून घेतले.

आणि आपला ‘मशागत’ हा शब्द कुठला? तोही अरबीच. ‘मशक़्क़त’ म्हणजे कष्ट, मेहनत. फारसी दप्तरांतून तो मराठीत आला, उच्चार बदलला आणि जमिनीला चिकटून बसला. हिंदीत ‘मशक्कत’ अजून नुसती मेहनत आहे. मराठीत मात्र नांगरणी, वखरणी, कोळपणी, खुरपणी या सगळ्यांवर त्याने छत्र धरले. ‘इंटरकल्चर’ला ‘आंतरमशागत’ म्हणताना तर मराठीने संस्कृत आणि अरबी एका जुवाला जुंपले आहेत. शुद्धीचे अभिमानी काहीही म्हणोत, आम्हाला ही जोडी फार आवडते.

उरला प्रयोगशाळेतला अर्थ. तिथे ‘कल्चर’ म्हणजे अन्न, ऊब आणि ओलावा देऊन सूक्ष्मजीव किंवा पेशी मुद्दाम वाढवणे. आणि अशी वाढवलेली पैदासही. याची सुरुवात एका परीने दुधापासून झाली. १८७८ मध्ये जोसेफ लिस्टर याने आंबलेले दूध पुन्हा पुन्हा विरळ करत नेऊन त्यातला एकच जीवाणू वेगळा काढला. हे पहिले शुद्ध कल्चर मानले जाते. रॉबर्ट कॉखने उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर जीवाणूंचे वेगवेगळे ठिपके उगवलेले पाहिले आणि मग जिलेटिनचा घट्ट थर वापरून पाहिला. पण जिलेटिन उबेत वितळे. कॉखच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वाल्थर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी त्यावर उपाय सुचवला तो स्वयंपाकघरातला, जेली घट्ट करायला वापरतात तो समुद्रशेवाळातला अगर. ही गोष्ट १८८१-८२ ची. १८८७ मध्ये पेत्रीची झाकणाची ताटली आली. आजही दवाखान्यातून थुंकी ‘कल्चरला’ जाते तेव्हा तिथे याच कल्पनेवर काम चालते. क्षयाचे जंतू फार सावकाश वाढतात, त्यामुळे घट्ट माध्यमावर त्यांचा निकाल यायला कित्येक आठवडे लागतात. पीक यायला वेळ लागतो, इतकेच.

या अर्थासाठी हिंदीने ‘संवर्ध’ आणि ‘संवर्धन’ हे शब्द घेतले. टिश्यू कल्चर झाले ‘ऊतक संवर्धन’. मासे, रेशीमकिडे, मधमाश्या यांच्या बाबतीत हिंदी ‘पालन’ म्हणते : मत्स्य पालन, रेशमकीट पालन, मधुमक्खी पालन. मराठीची वाट जरा वेगळी आहे. शाळेच्या पुस्तकात ‘ऊती संवर्धन’ आहे, सरकारी खाते ‘पशुसंवर्धन’ आहे, मधमाश्यांचे ‘पालन’ आहे, रेशमाची मात्र ‘शेती’ आहे. तुतीच्या पाल्यावर किडे वाढवणारा परभणीचा शेतकरी ‘रेशीमशेती करतो’ असे म्हणतो. कोणाही समितीने न बसता घडलेला हा शब्द आहे, आणि लॅटिनच्या मूळ अर्थाच्या तो सर्वांत जवळ आहे. ‘संवर्धन’ला एक अडचण आहे. पर्यावरण संवर्धन, भाषा संवर्धन अशा ठिकाणी त्याचा अर्थ जतन असा होतो. ऊती संवर्धन म्हणजे ऊती जपून ठेवणे असे समजणारे विद्यार्थी आम्हाला अनेकदा भेटले आहेत. त्यांचे काय चुकले?

शब्द चुकला तर नुकसान किती होते, याचे उदाहरण सोयाबीनच्या त्या कल्चरच्या पाकिटात आहे. द्विदल पिकांच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतले रायझोबियम जातीचे जीवाणू हवेतला नत्र पिकाला उपयोगी रूपात आणून देतात. हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी हे १८८० च्या दशकात जर्मनीत दाखवून दिले. १८८८ मध्ये बायरिंक याने हॉलंडमध्ये ते जीवाणू वेगळे काढून वाढवले, आणि १८९६ च्या सुमारास नोबे आणि हिल्टनर यांनी त्यांचे कल्चर ‘नायट्रॅजिन’ या नावाने बाजारात आणले. आपल्याकडचे २५० ग्रॅमचे पाकीट हे त्याचेच वंशज. त्यात बहुधा लिग्नाइटची काळी भुकटी असते आणि तिच्या आधाराने जीवाणू जिवंत असतात. सरकारी मानकाप्रमाणे दर ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत पेशी हव्यात.

या पाकिटाला मराठीत ‘जिवाणू खत’ किंवा ‘जैविक खत’ म्हणतात, हिंदीत ‘जैव उर्वरक’. २००६ मध्ये ते खत नियंत्रण आदेशाखाली आले तेव्हा कायद्यानेही त्याला खत ठरवले. आता खत म्हटले की खतासारखे वागणे आले. पोते उन्हात राहिले तरी चालते, दुसऱ्या खतात मिसळले तरी चालते, औरंदाही वापरता येते आणि उरले तर पुढच्या वर्षीही. युरियाच्या बाबतीत हे बरेचसे खपून जाते. कल्चरच्या बाबतीत यातले एकेक पाऊल म्हणजे त्या ५ कोटींची कत्तल आहे. टपरीच्या पत्र्याखाली तापलेले पाकीट, मुदत संपलेले पाकीट, रासायनिक खतात कालवलेले पाकीट शेतात जाते, काहीच फरक दिसत नाही आणि ‘कल्चरमध्ये दम नाही’ असा निकाल लागतो. जे मेलेले होते ते पेरले, मग उगवणार काय?

याला ‘विरजण’ म्हटले असते तर? विरजणाबद्दल मराठवाड्यातल्या कोणत्याही घरात व्याख्यान द्यावे लागत नाही. खेड्यात त्याला ‘इरजण’ म्हणतात. ते ताजे हवे, उकळत्या दुधात घातले तर दही लागत नाही, थोडेसे पुरते, आणि एका घराचे दुसऱ्या घरी चालते, हे सर्वांना ठाऊक असते. दुग्धव्यवसायाच्या इंग्रजीत विरजणाला ‘स्टार्टर कल्चर’च म्हणतात. हिंदीत त्याला ‘जामन’ हा तितकाच घरगुती शब्द आहे. आम्ही शेतकऱ्यांशी बोलताना ‘हे खत नाही, हे बियाण्याचं विरजण आहे’ असे सांगून पाहिले आहे. मग पुढच्या सूचना जवळजवळ आपोआप पटतात : पाकीट सावलीत ठेवायचे, बुरशीनाशक आणि कीटकनाशक चोळायचे असेल तर ते आधी, कल्चर सर्वांत शेवटी, गुळाच्या गार पाण्यात कालवून बियाण्याला हलक्या हाताने लावायचे, सोयाबीनची साल नाजूक असते, बियाणे सावलीत सुकवायचे आणि लगेच पेरायचे. एका पाकिटाला साधारण १० किलो बियाणे. हरभऱ्याचे कल्चर सोयाबीनला चालत नाही, कारण प्रत्येक पीकगटाचा रायझोबियम वेगळा.

शिक्षकांना हे वर्गात दाखवायचे असेल तर उपकरण लागत नाही. सोयाबीन किंवा भुईमूग पेरून पस्तीस-चाळीस दिवस झाले की मुलांना शेजारच्या रानात न्यावे. मुळांवरच्या गाठी ब्लेडने कापाव्यात. आतून गुलाबी-लाल दिसली तर गाठ काम करते आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातला. पांढरी असेल तर काम सुरू झालेले नाही, हिरवट किंवा तपकिरी असेल तर संपलेले आहे. कल्चर लावलेल्या आणि न लावलेल्या तासांतल्या गाठी मोजून तुलना करता आली तर उत्तमच. मात्र ज्या रानात सोयाबीन वर्षानुवर्षे होते आहे तिथे न लावलेल्या झाडांवरही गाठी दिसतील. जीवाणू तिथे आधीपासून मुक्कामाला असतात. रोप हाताने ओढून उपटू नये, खुरप्याने मातीसकट काढून पाण्यात धुवावे. उपटले की निम्म्या गाठी जमिनीतच राहतात.